बसल्याशिवाय बोलणं नाही

सिदू, तुझ्या शोकसभेत तुझ्या आईला शेवटच्या रांगेत बसवलं. बाकी सगळं मागून सांगते, हे आधी ऐक. पुढं मरून रंगाचे सोफे, त्यांवर पांढरे टॉवेल, समोर काचेच्या टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या. त्यामागं गादीच्या खुर्च्या, त्यामागं प्लॅस्टिकच्या. आणि पार दाराशी, जिथं लोकांच्या चपलांचा ढीग पडला होता तिथं, तुझी म्हातारी. जतहून सांगलीपर्यंत जीप करून आली होती, काखेत घोंगडं घेऊन. छातीला बिल्ला लावलेला एकजण तिला म्हणाला, "आजी, ते बाहेर ठेवा. हॉलमध्ये वास येतो."

हॉलमध्ये वास येतो! अरे, हे वाक्य तू लिहिलंयस. तुझ्या कादंबरीत, बंगल्याच्या प्रकरणात, जवळजवळ याच शब्दांत. तुझ्या फोटोला हार घालून, टेबलावर तुझ्या पुस्तकांची थप्पी मांडून, ते प्रकरण तुझ्याच शोकसभेत परत करून दाखवलं या लोकांनी, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. मी ताडकन उठले. म्हातारीला म्हटलं, चला पुढं. तर ती म्हणते, "ऱ्हाऊ दे गं पोरी. हितनं बी दिसतंय त्येचं त्वांड." फोटो मोठा केला होता ना तुझा, तो. मग मी तिच्या शेजारी बसले. पुढच्या सोफ्यावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती, ती तशीच राहिली.

तू असतास तर हसला असतास, पोट धरून. तुझी ही खोड मला कधी सोसली नाही. जिथं संतापायचं तिथं तू हसायचास, आणि संतापायचं काम माझ्या गळ्यात. "तू हायस की भांडायला, पाटलीणबाई," म्हणायचास. कॉलेजपासून मी तुला 'मेल्या' म्हणत आले. परवा फोन हातात घेतला, काहीतरी ऐकवायचं होतं तुला, सवयीनं तोंडातून 'मेल्या' निघालं आणि जीभ जागच्या जागी थिजली. आता तो शब्द मी कुणाला वापरू, सांग.

कॉलेजात आपण एका वर्गात आलो ते पुढं. ओळख त्याआधीची. दिवाळी सरली की तुमची मेंढरं जतच्या माळावरनं निघायची आणि आमच्या कुंडलच्या रानात उतरायची. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात जाळ्याची वाघर लावून तुम्ही मेंढरं कोंडायचा. लेंड्यामुताचं खत आमच्या जमिनीला, त्याबदल्यात ज्वारी तुम्हाला. रानात मेंढरं बसवणं म्हणायचे त्याला. आणि ते बोलणं करायला माझे आप्पा स्वतः रानात जायचे. मी त्यांच्या मागं. तुझा बाप बांधावर घोंगडं अंथरायचा, "बसा पाटील" म्हणायचा. आप्पा चपला काढून मांडी घालून बसायचे. बसल्याशिवाय बोलणं नाही, ही तुमची रीत. उभ्याउभ्या झालेला बोल तुमच्यात कुणी बोल म्हणून धरतच नाही. तू घोंगड्याच्या एका कडेला, मी दुसऱ्या कडेला. तू माझ्याकडं बघून जीभ काढायचास. एवढं शहाणं बाळ होतास तू.

मग आप्पा गेले आणि दादानं बंगला बांधला. पाण्याला तोटा नव्हता, उसाला तोटा नव्हता. बंगल्याला हॉल झाला. आणि हॉल झाल्यावर बोलणं करायला दादा रानात गेला नाही, त्यानं तुझ्या बापाला दारात बोलावलं. त्यानंतर तुमची मेंढरं आमच्या रानात आली नाहीत. घरात सगळे म्हणाले, या लोकांचं काही खरं नसतं, आज इथं तर उद्या तिथं. मी तेव्हा वसतिगृहात होते. मला खरं काय घडलं ते तुझ्या कादंबरीतून कळलं, सिदू. माझ्या माहेरच्या दारात काय झालं ते मला छापील पानावर वाचायला लागलं!

काय लिहिलंयस ते प्रकरण. आजही शिकवताना माझा आवाज बदलतो. तू बंगल्यातल्या कुणालाही दुष्ट केलं नाहीस. एक शिवी नाही, एक थप्पड नाही. तू फक्त जागा लिहिल्यास. हॉलमधल्या सोफ्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, कारण त्याच्यावर कुणी बसतच नाही. मालकाची बायकोसुद्धा चहा पिते ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, उभी. शोकेसमध्ये ढाली आणि चषक, भिंतीवर लष्करातल्या आजोबांचा फोटो, छताला झुंबर, आणि माणूस एकही नाही. आलेल्याला दारात उभं करायला म्हणून ती एवढी मोठी खोली.

आणि कुंपणापलीकडं, हाकेच्या अंतरावर, तीन दगडांची चूल, वाघर, घोड्यावरनं उतरवलेलं बिऱ्हाड. तिथं कुणाची जागा ठरलेली नाही. वारा फिरला, धूर अंगावर आला की माणसं उठतात आणि पलीकडं सरकतात, सासरा सुनेच्या जागी, पोर आज्याच्या जागी. बंगल्याच्या लॉनवर पाण्याचा फवारा गोल फिरतो, त्याचे चार थेंब तारेबाहेर पडतात. मेंढपाळाची लेक त्या थेंबांखाली तोंड वर करून उभी राहते. दुसऱ्या दिवशी माळी फवारा आत सरकवतो. रागानं नाही. पाणी वाया जातंय म्हणून. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं आणि दादाला फोन लावून शिव्या घातल्या होत्या. त्याला कळेना, कशाबद्दल.

त्यानंतर बाप बंगल्याच्या दाराशी जातो. आतून "बोला" असं येतं. त्याला कळत नाही बोलायचं कसं. तो खांद्यावरचं घोंगडं पायरीवर अंथरायला वाकतो, तर आतून आवाज येतो, "ते खाली नको, केस सांडतात. हॉलमध्ये वासही येतो." तो अर्धा वाकलेला असतो, तसाच सरळ होतो. उभ्याउभ्या सगळं ठरतं. मालकाला वाटतं, झालं काम. बापाला माहीत असतं की काहीच झालेलं नाही. पहाटे तो मेंढरं उठवतो, वाघर गुंडाळतो आणि निघून जातो. दिवस उजाडल्यावर बंगल्यातनं मोकळं रान दिसतं. बस, एवढंच. त्यावर एक शब्द तू जास्त लिहिला नाहीस.

आणि या पुस्तकाचं लोकांनी काय केलं? निसर्गवर्णन केलं! साताऱ्याला तुझा सत्कार झाला तेव्हा मी समोरच होते. एक विदुषी उठल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडचं आभाळ किती रम्य उतरलंय हो पुस्तकात. तू हात जोडून म्हणालास, "व्हय. छप्परच न्हाई म्हटल्यावर आभाळच दिसायचं." सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. विनोद वाटला त्यांना. शाल पांघरून खाली उतरलास आणि माझ्या कानाशी म्हणालास, "बघ, लय आवडलं त्यांना." मी चिडले होते. तू नव्हतास.

मग पुस्तक अभ्यासाला लागलं. आनंद कसला, कपाळ माझं. प्रश्न काय, तर 'कादंबरीतील दोन स्थळांच्या चित्रणातून आर्थिक व सामाजिक स्तर कसे व्यक्त होतात ते स्पष्ट करा.' बरं, प्रश्न वाईट नाही, मीही तोच विचारला असता. पण गाईडमधलं उत्तर! 'बंगला : श्रीमंती, सुखसोयी, दिखाऊपणा. माळ : गरिबी, साधेपणा, पण समाधान.' पण समाधान. पोरं हेच पाठ करतात आणि शंभर पेपरांत मी हेच वाचते. कुणाचं समाधान, रे? पायरीवरनं सरळ झालेल्या माणसाचं समाधान? ज्या पोरीच्या तोंडावरचे चार थेंबसुद्धा आत सरकवले तिचं? मी वर्गात गाईड टेबलावर आपटलं. तुला दाखवलं तर तू चहात पाव बुडवत म्हणालास, "असू दे गं. समाधान लिवल्याबिगर त्यांना झोप लागत न्हाई."

त्या दिवशी आपलं भांडण परत पेटलं. सांगली स्टँडसमोरच्या त्या हॉटेलात, जिथं वेटर आपल्याला नवराबायको समजून समजावायला यायचा. माझा मुद्दा एकच होता आणि आजही तोच आहे. माझा बाप कुठाय तुझ्या पुस्तकात? तू दादाचा बंगला घेतलास, हॉल घेतलास, माळीसुद्धा घेतलास. मग रानात येऊन, चपला काढून घोंगड्यावर बसणारा माणूस का वगळलास? तो काही मी कल्पनेनं उभा केलेला नाही. तुझ्यासमोर बसत होता. तुझ्या कादंबरीत माळावरची माणसं बंगल्याकडं जातात, पण बंगल्याकडनं माळाकडं कुणी म्हणजे कुणी येत नाही. "खोटं आहे हे," मी म्हटलं. "एक तरी माणूस इकडनं तिकडं जाऊ दे की."

तू म्हणालास, "तुझा बाप चांगला व्हता म्हणूनच घेतला न्हाई."

"म्हणजे काय?"

"आगं, आप्पा घातले की वाचणारे त्यांच्याच मांडीवर डोकं ठिवून झोपत्यात. म्हणत्यात, बघा, असले बी असत्यात. मग माझ्या बापाकडं कोण बघतंय? ती पायरी कोण बघतंय?"

"आणि मी? मी जतला येत नाही तुमच्याकडं? टँकरचं पाणी पीत नाही?"

"एक बाई आली म्हणून वाट पडली व्हय? तू येतीस, तुझं मन मोठं. पर रस्ता न्हाई पडला अजून."

"अरे, पण खरं ते खरं! आप्पा बसायचे!"

"बसायचे की," तू म्हणालास. आणि मग कप बाजूला सारून असा सरसावून बसलास, की मला वाटलं तू आता काहीतरी सांगणार. तेवढ्यात जतची गाडी लागली आणि तू पिशवी उचलून पळालास. खिडकीतनं ओरडलास, "पुढच्या खेपंला सांगतो." पुढची खेप आलीच नाही. काय सांगणार होतास, सिदू? मला तुझ्यावर या एका गोष्टीचा फार राग आहे. माणसानं जावं, पण भांडण अर्धं टाकून जाऊ नये.

तर शोकसभा. भाऊसाहेब बोलायला उठले. मी ज्या संस्थेत शिकवते तिचे अध्यक्ष, तुला माहीत आहेत, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत प्रत्येक उद्घाटनाला असतात. त्यांनी तुझ्या पुस्तकातला चांदण्याचा उतारा वाचला. माळावरच्या निरागस, समाधानी माणसांबद्दल बोलले. समाधानी! दाराशी बसलेली म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. मग त्यांनी जाहीर केलं की तुझ्या स्मृतिप्रीत्यर्थ संस्था कादंबरीची विद्यार्थी आवृत्ती काढणार, देखणी, चित्रांसह. टाळ्या. खाली उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ते बंगल्याचं प्रकरण तेवढं वगळू. मुलांना जड जातं. आणि आपल्या बागायती भागातले लोक दुखावतात."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, ते काढलं तर राहतं काय?"

"निसर्ग राहतो की," ते म्हणाले.

ते प्रकरण म्हणजे दाराची चौकट होती पुस्तकाची. ती काढली की बंगला वेगळा आणि माळ वेगळा. एक श्रीमंत जागा, एक गरीब जागा, दोन्ही आपापल्या ठिकाणी सुखी. ती पायरी आहे म्हणून तर कळतं, की एकाच्या हॉलसाठी दुसऱ्याला उभं राहावं लागतं. साताऱ्याच्या तुझ्या प्रकाशककाकांना रात्रीच फोन केला. बिचारे म्हातारे खोकत म्हणाले, "हक्क घरच्यांचे आहेत. घरचे हो म्हणाले तर मी कोण?" म्हणजे सगळं तुझ्या बायकोवर आलं. वहिनींवर. ज्यांना घरात तूप आणि तुझी औषधं यांपलीकडं कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

वहिनी फोन उचलत नव्हत्या. तुझं दिवसकार्य उरकलं तसे लगेच भाऊसाहेब स्वतः जतला निघाले, आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला. तुमचं ऐकतील." गेले मी. मनात म्हटलं, न जाऊन करू काय, माझ्यामागं वहिनींना गोड बोलून गुंडाळलं तर? गाडीत एसी, काचा वर. मिरज मागं पडलं, ऊस, द्राक्षांचे मांडव. कवठेमहांकाळच्या पुढं हिरवं विरळ झालं. मग बाभळी, कुसळं, वाळलेली ज्वारीची धाटं, रस्त्याकडेला रिकाम्या घागरींची रांग आणि तिच्याशेजारी टँकरची वाट बघत बसलेल्या बाया. तुझ्या पुस्तकाची पानं मी एकामागं एक उलटत होते, असं वाटलं. भाऊसाहेब बाहेर बघत म्हणाले, "काय शांत आहे नाही इकडं?" काचा बंद होत्या, सिदू. शांत असणारच.

तुझ्या दारातल्या लिंबाखाली गाडी थांबली. म्हातारीनं लगेच घोंगडं आणलं, दोन हातांनी झटकलं आणि सावलीत अंथरलं. "बर्री, कूड्री," कानडीत म्हणाली, आणि मग मराठीत, "या, बसा." वहिनी पदर सावरून तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

भाऊसाहेब म्हणाले, "असू दे, असू दे. आम्हाला पुढं जायचंय. उभ्यानंच बोलू." आणि बोलायला लागले. आवृत्ती, चित्रं, तुझं नाव अजरामर, घरच्यांना मानधन, एक छोटासा बदल. चांगलं बोलत होते, वाईट माणूस नाही तो. पण म्हातारी घोंगड्याकडं बघत होती. वहिनी तिच्याकडं. बोलून बोलून ते थांबले.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बसा की सायेब. बसल्याबिगर कसं बोलायचं?"

ड्रायव्हर पळत गेला आणि तुझ्या ओसरीवरची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. म्हातारीनं हात आडवा केला. "खुर्ची हाय आमच्यात," ती म्हणाली. "पाव्हण्यानं च्या प्यावा तिच्यावर बसून. देण्याघेण्याचं बोलणं हितं व्हतं."

भाऊसाहेब माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही सांगा ना यांना."

"मी काय सांगू?" मी म्हटलं. "तुम्ही ते प्रकरण वाचलंय ना?"

"चाळलंय," ते म्हणाले.

चाळलंय! कापायला निघालेला माणूस म्हणतो, चाळलंय. तिथंच ओरडले असते मी, पण तेवढ्यात ते वाकले. खरंच वाकले, सिदू. एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं पँट जराशी वर ओढली, बूट काढायचा का नाही ते बघितलं. मला वाटलं, बसतोय हा माणूस. बसला तर? बसून बोलला तर काय उत्तर द्यायचं, तेही माझ्याकडं नव्हतं. घोंगड्यावर एक कुसळ होतं, मेंढराचे चार केस होते. त्यांनी ते पाहिले. आणि अर्धे वाकलेले तसेच सरळ झाले.

त्यांना नाही कळलं त्यांनी काय केलं ते. मला कळलं. तुझा बाप आमच्या पायरीवरनं जसा सरळ झाला होता, तस्सा. फक्त त्याला कुणीतरी नको म्हटलं होतं, आणि यांना सगळे या म्हणत होते.

वहिनींनी वाट बघितली जराशी. मग म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या, सायेब. त्येंनी लिवलंय तसंच छापायचं तर छापा, न्हाईतर छापूच नगा." आवाज चढवला नाही, काही नाही. भाऊसाहेब हसले, नमस्कार केला, विचार करा म्हणाले आणि गाडीत बसले. मला म्हणाले, "चला बाई." मी म्हटलं, मी एसटीनं येते. त्यांनी काच वर केली. आता कॉलेजात माझं काय व्हायचं ते होईल, त्याची मला एवढी फिकीर नाही. फुफाटा उडवत गाडी वळणाआड गेली.

तर बघ. बंगल्याकडनं माळाकडं एकजण आला. तू लिहायला तयार नव्हतास, तो माणूस आला, तुझ्या दारात आला, तुझ्या लिंबाखाली. काय न्यायला आला, ते सोड. कदाचित तुला हेच सांगायचं होतं पुढच्या खेपेला, की येणं सोपं असतं गं पाटलीण, बसणं अवघड. कदाचित हे नव्हतं. मला नाही माहीत, आणि तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी मानणारही नाही. पटलं असं मी मुळीच म्हणणार नाही. माझे आप्पा बसायचे. घरी कुणी विचारलं नाही, कुणी बघितलं नाही, तरी बसायचे. तू ते लिहायला हवं होतंस. आणि आता मला समजतंय की ते लिहिलं असतंस, तर भाऊसाहेबांनी तेवढंच प्रकरण ठेवलं असतं. हसू नकोस. तुझं थोडंफार बरोबर होतं एवढंच म्हणतेय.

म्हातारीनं चहा टाकायला सांगितला. वहिनी आत गेल्या. तिकडं रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला आणि सगळी वस्ती घागरी घेऊन धावली, म्हातारीही कळशी उचलून गेली. लिंबाखाली मी एकटीच. घोंगडं कुणी उचललं नव्हतं, तसंच अंथरलेलं होतं. त्याच्या एका कडेला तू बसायचास ती जागा रिकामी.

मी चपला काढल्या. कुसळ उचलून बाजूला टाकलं, केस राहू दिले. आप्पा बसायचे तशी मांडी घातली.

बसले बघ, मेल्या. बोल आता.